क्लॅरिनेटची जागा

हे गेले त्याला एक महिना पाच दिवस झाले होते आणि मी अजून रडले नव्हते. कौतुक म्हणून सांगत नाही, लाज वाटते म्हणूनही सांगत नाही. होतं ते असं होतं.

"रडून घे गं, मोकळी हो," असं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने सांगून झालं. जाऊबाई तर शेजारी बसून माझ्या पाठीवरून सारखा हात फिरवत राहायच्या, तान्ह्या बाळाचा ढेकर काढतात तशा. एक दिवस माझा पारा चढला. म्हटलं, "अहो वहिनी, येत नाही तर काय कांदा कापू?" त्यांनी हात काढून घेतला. मग घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं, की तिला अजून पत्ताच लागलेला नाही. ते मात्र बरोबर होतं.

मी बत्तीस वर्षं परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात केस पेपरच्या खिडकीत बसले. नाव, वय, पत्ता, पुढे चला. खिडकीच्या पलीकडे माणसं धाय मोकलून रडत असायची आणि मी विचारायची, पिनकोड? त्यामुळे लोकांना वाटलं, हिला सवय आहे. सवय वेगळी. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गालाचं होतं तसं माझं झालं होतं. गाल जागेवर असतो, पण हात लावला तर हाताला कळतं, गालाला कळत नाही. मी कुकर लावत होते, बँकेत जाऊन सह्या करत होते, ह्यांचे शर्ट धुऊन, घडी करून कपाटात ठेवत होते. शेवटचा शर्ट ठेवताना लक्षात आलं की ही उठाठेव कशासाठी चाललीये. तरी घडी नीट केली.

मुलगी ठाण्याहून रोज फोन करायची. आई, जेवलीस? जेवले. झोपलीस? झोपले. बाबांची आठवण येते का गं? मी म्हणायची, येते ना. फोन ठेवला की तिथेच बसून राहायची, टीव्ही लावायचंही सुचायचं नाही.

त्या महिन्याभरात मला एकच गोष्ट हवीशी वाटली. मला ह्यांचं वाजवणं एकदा ऐकायचं होतं.

कारण मी ते कधी ऐकलंच नव्हतं. चौतीस वर्षं संसार केला, नवरा क्लॅरिनेट वाजवायचा, दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दादरच्या ख्रिश्चन वस्तीतल्या एका क्लबात ह्यांचा बँड बसायचा, जुन्या पद्धतीचा जॅझ वाजवणाऱ्या सहा म्हाताऱ्यांचा, आणि मी एकदाही गेले नव्हते. ऐकणाऱ्याला खोटं वाटेल. मलाही हल्ली वाटतं.

आमचं लग्न ठरलं तेव्हा मुलगा एका शिपिंग कंपनीत डिस्पॅच क्लार्क आहे, एवढंच आम्हाला सांगितलं होतं. ते खरंच होतं. लग्नानंतर आठ दिवसांनी कळलं, की लग्नसराईत हे गिरगावातल्या एका बँडबरोबर वाजवायलाही जातात. लाल कोट, खांद्याला सोनेरी झालर, डोक्यावर टोपी. ह्यांचे काका त्या बँडमध्ये होते. त्यांनीच ह्यांना लहानपणी वाडीतल्या एका ख्रिश्चन सरांकडे नोटेशन शिकायला घातलं होतं. आता माझं माहेर म्हणजे काही कुबेराचं घर नव्हतं. वडील गिरणीत साचेवाले, कापडाच्या मागावर आयुष्य गेलेलं, संपानंतर कुठेतरी वॉचमन. तरी मला त्या कोटाची लाज वाटली. का वाटली ते आज विचाराल तर सांगता यायचं नाही. वाटली खरी.

पहिल्याच वर्षी मे महिन्यात मी लालबागला माहेरी गेले होते. संध्याकाळी चाळीखालून वरात निघाली. सगळ्या पोरीबाळी गॅलरीत धावल्या, मीही गेले. आणि खाली बँडच्या दुसऱ्या रांगेत हे. धाकटी बहीण मोठ्याने म्हणाली, "ताई, तो क्लॅरिनेटवाला बघ गो, डिट्टो भावोजी!" शेजारच्या दोघी-तिघी फिदीफिदी हसल्या. मी म्हटलं, "छे, काहीतरीच काय," आणि पाणी प्यायचं निमित्त करून आत गेले. वळता वळता ह्यांनी मान वर केलेली मला दिसली. वरात नाक्यापलीकडे जाईपर्यंत मी मोरीत तांब्या घासत बसले. आतूनही ऐकू आलं असतं, ऐकायचं म्हटलं असतं तर.

त्यावर ह्यांनी अवाक्षर काढलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. मी चार शब्द ऐकवले असते, चार ऐकून घेतले असते, विषय संपला असता. पण माणूस तोंडाला कुलूप लावून बसणारा. पुढच्या लग्नसराईआधी ह्यांनी बँड सोडला, कोट परत केला. क्लॅरिनेटला हे बाजा म्हणायचे. बाजा डब्यात गेला आणि डबा माळ्यावर. भोईवाड्याच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत सासूबाई होत्या, दीर होते, माणूस वाजवणार तरी कुठे, अशी मी माझी समजूत घालून घेतली. दोन-तीन वर्षांनी ह्या क्लबातल्या बँडचं सुरू झालं. तालीमही तिकडेच. शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालायचे, डबा काढायचे, "येतो गं" म्हणायचे. चल म्हणाले नाहीत. मीही कधी म्हटलं नाही, येऊ का. मी वाट बघत होते, ह्यांनी एकदा विचारावं. हे कसली वाट बघत होते देव जाणे. त्यात दुःख वगैरे काही नव्हतं हो, बाकी सगळं नीटच चाललं होतं. मुलगी शिकली, चाळ पाडून टॉवर झाला, आम्ही चौदाव्या मजल्यावर राहायला गेलो. शनिवार येत राहिले.

मग एका सकाळी चहा झाला, कप ह्यांनी बेसिनमध्ये ठेवला आणि बाथरूमच्या दारातच खाली बसले. मी माझ्याच जुन्या खिडकीत उभी राहून केस पेपर काढला. नाव, वय, पत्ता मीच सांगितला. वर वॉर्डात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

महिना झाल्यावर मास्तर घरी आले. मास्तर म्हणजे बँडचे पुढारी. ट्रम्पेट वाजवतात, शाळेत संगीत शिकवून कधीच रिटायर झालेत, आता पंच्याहत्तरीला टेकले असतील. मुंबईचेच मूळचे ख्रिस्ती. घरात मराठीच बोलतात, फक्त त्या मराठीला जरासा हेलकावा असतो. मास्तरांना लिफ्टची भीती. चौदा मजले चढणं शक्य नाही म्हणून वॉचमनला सोबत घेऊन लिफ्टने वर आले. हातात फ्रूट केकचा खोका.

"वहिनी, शनिवारी तुम्ही यायचं," ते म्हणाले. "त्याच्यासाठी वाजवतोय आम्ही. पूर्ण संध्याकाळ त्याची."

मी विचारलं, "म्हणजे ह्यांचं असेल ना त्यात?"

"असणार म्हणजे काय, त्याचंच सगळं!"

मला एवढंच पाहिजे होतं. जाऊबाईंना कळलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. वर्षाच्या आत गाणंबजावणं, तेही क्लबात, तिथे दारू असते म्हणे. म्हटलं, "असू दे की. मी काय दारू प्यायला चाललेय?" मुलीने विचारलं, मी येऊ का सोबत. तिला नको म्हटलं. ही माझी एकटीची उधारी होती.

शनिवारी निघताना मी माळ्यावरून बाजाचा डबा काढला आणि बरोबर घेतला. माझा हिशोब सरळ होता. ह्यांच्या जागी कोणीतरी बदली आणला असणार, तो ह्यांचं वाजवणार, तर मग ते ह्यांच्याच बाजावर वाजवू दे. आमच्या वडिलांच्या खात्यात असंच असायचं. माणूस आजारी पडला, गावाला गेला, मेला, तरी साचा थांबायचा नाही. गेटवर बदली कामगार उभे असायचे, त्यातला एक आत यायचा आणि त्याच साच्यावर उभा राहायचा, तसंच कापड काढायचा. गिरणगावात वाढलेल्या माणसाला यापलीकडे काही सुचतच नाही.

क्लब म्हणजे काही सिनेमातला क्लब नव्हता. चर्चच्या मागचा हॉल, फरशीवर बॅडमिंटनच्या पट्ट्या मारलेल्या, त्यावरच टेबलं आणि प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. एका कोपऱ्यात बार, दुसऱ्या कोपऱ्यात कटलेट आणि सँडविचचं टेबल. साडेसात वाजलेले. सगळी आपल्याच वयाची माणसं, कोणी काठी टेकत, कोणी गुडघा धरत. बायका फुलाफुलांच्या ड्रेसमध्ये, मी पांढऱ्यावर निळी बुट्टी असलेल्या साडीत. जी ती येऊन मला मिठी मारत होती. मला मिठ्यांची सवय नाही. डबा छातीशी धरून होते, त्यामुळे त्या डब्यालाच मिठी मारत होत्या.

मास्तरांची बायको मला अगदी पुढच्या टेबलाशी घेऊन बसली. गोड बाई. माझ्यापुढे सरबत ठेवलं आणि म्हणाली, "तुम्ही आलात, खूप बरं वाटलं. आम्ही नेहमी त्याला म्हणायचो, घेऊन ये घेऊन ये. तो सांगायचा, तिला गर्दी सोसत नाही."

मला गर्दी सोसत नाही! बत्तीस वर्षं मी त्या खिडकीत सकाळी आठपासून चारशे माणसांची रांग अंगावर घेत होते. काय सांगावं ह्या बाईला. मी सरबत प्यायले. लिंबाचं होतं, साखर जास्त होती.

बँड बसला. मधे मास्तर ट्रम्पेट घेऊन उभे, त्यांच्या डावीकडे ट्रॉम्बोन, मागे बँजो, उभा मोठा बास आणि ड्रम. मास्तरांच्या उजवीकडे एक खुर्ची, रिकामी. मला वाटलं, बदली अजून यायचाय, ट्रॅफिकमध्ये अडकला असेल. मी डबा टेबलावर ठेवला, दिसेल असा.

वाजवायला लागले. मला त्यातलं काही कळतं असं मी म्हणणार नाही. सगळे एकदम वाजवतात, आणि तरी एकमेकांच्या पायात येत नाहीत, एवढं कळलं. मास्तर धून धरतात, ट्रॉम्बोन खालून हुंकार दिल्यासारखा ओढत राहतो. मग एक-एक जण पुढे सरकतो आणि एकटा वाजवतो, बाकीचे मागे बारीक साथ देतात. त्याचं झालं की लोक टाळ्या वाजवतात, धून चालूच असते. दोन गाणी झाली, तीन झाली. माझ्या बाजूच्या टेबलावरच्या आजोबांचे पाय ठेका धरत होते. मी माझ्या पायाकडे बघितलं, तो काही हलत नव्हता. छान चाललं असेल असं वाटत होतं, जसं बंद काचेतून दुसऱ्याच्या घरचं लग्न बघताना वाटतं.

चौथ्या वेळी मास्तर माइकवर आले, ह्यांचं नाव घेतलं, म्हणाले हे त्याचं सगळ्यात आवडतं. हॉल शांत झाला. सुरुवात अगदी संथ, प्रार्थनेसारखी, आणि मग हळूच चाल बदलली, नाचावंसं वाटेल अशी. ट्रम्पेट झालं. ट्रॉम्बोन झाला. बँजो झाला. मग मास्तरांनी उजव्या बाजूला, त्या रिकाम्या खुर्चीकडे हात केला.

मी ताठ बसले. आता.

आणि काहीच नाही. बास चालू, ड्रम चालू, बँजो बारीक चालू, वर कोणी वाजवेना. मास्तर ट्रम्पेट बाजूला धरून मान खाली घालून उभे. मला वाटलं कोणीतरी चुकलं. आता कोणी सावरेल, आता सावरेल. मागे वळून दाराकडे बघितलं, बदली धावत येतोय का. लोक बघावे तर निवांत, ग्लास हातात तसेच धरलेले, दोघी-तिघी डोळे पुसत होत्या. हे चाललं चाललं, पुष्कळ वेळ चाललं, आणि मग सगळे एकदम परत धुनेवर आले आणि हॉलमध्ये टाळ्यांचा पाऊस पडला. कशाला टाळ्या, तेच मला कळेना.

मध्यंतर झालं. मास्तर घाम पुसत माझ्याकडे आले, डोळे ओले. "कसं वाटलं, वहिनी?"

मी म्हटलं, "मास्तर, बदली नाही मिळाला?"

"बदली?"

"ह्यांच्या जागी. एवढ्या मुंबईत एक क्लॅरिनेटवाला नाही मिळाला तुम्हाला? बाजा तर मी आणलाय घरून."

त्यांचा चेहरा पडला. मग खुर्ची ओढून बसले आणि मला समजावून सांगू लागले, लहान मुलाला सांगतात तसं. ही त्यांच्या बँडची रीत. आपल्यातला कोणी गेला, की त्या महिन्यात त्याच्या आवडीची धून वाजवायची आणि त्याची पाळी आली की गप्प राहायचं. त्याच्या वाटणीचा वेळ त्याला द्यायचा. दुसऱ्या कोणाला त्या खुर्चीवर बसवायचं नाही. "त्याचा मान आहे तो, वहिनी."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. महिन्याभरात पहिल्यांदा काहीतरी आतपर्यंत पोचलं, आणि तो राग होता.

"मान असेल हो," मी म्हटलं. "पण रिकामी जागा मला घरी आहे. पलंगावर आहे, जेवायला बसले की समोर आहे. ती बघायला मी दादरपर्यंत कशाला येऊ? मला ऐकायचं होतं. हे काय वाजवायचे, ते एकदा ऐकायचं होतं मला. तुम्ही सगळे इतकी वर्षं ऐकत होतात. तुम्ही वाजवा, कोणीही वाजवा, पण ह्यांचं वाजवून दाखवा!"

आवाज चढला असणार, कारण आजूबाजूची टेबलं गप्प झाली. मास्तरांच्या बायकोने माझा हात धरला. मी तो सोडवून घेतला.

मास्तरांनी बाजाचा डबा उघडला. आत बघितलं, हात न लावता परत बंद केला. म्हणाले, "वहिनी, त्याचं असं काही नाही आहे."

"म्हणजे काय?"

"लिहिलेलं नाही काही. धून ठरलेली, ती सगळ्यांची. पण आपली पाळी आली की ज्याने त्याने आपलं वाजवायचं, तिथल्या तिथे सुचेल ते. हेच तर आमचं काम. हीच धून तो किती वर्षं वाजवायचा, पण दोनदा सारखं नाही वाजवलं त्याने. मी म्हणायचो, अरे मागच्या वेळचं काय सुंदर होतं, तेच घे ना. तो म्हणायचा, ते आठवत नाही आता. मी बदली आणू? आणतो. पण तो त्याचं वाजवेल, ह्याचं कसं वाजवेल?"

 हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. लग्नाच्या बँडचं ठरलेलं असतं, भजनाची चाल ठरलेली असते. बुवा बदलला तरी चाल तीच. मी समजून चालले होते, की ह्यांचंही असं काहीतरी कुठेतरी ठेवलेलं असणार, आणि इथे आलं की ऐकायला मिळणार.

"मग ते गेलं?"

"गेलं," मास्तर म्हणाले. मग त्यांच्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही दोन महिन्यांपूर्वी जरी आला असतात..." आणि बायकोने त्यांच्याकडे असं काही बघितलं की ते थांबले.

ते काही वाईट बोलले नव्हते. खरं तेच बोलले होते.  मला मात्र स्वतःचा राग आला, आणि ह्यांचाही आला, खोटं कशाला बोलू. गर्दी सोसत नाही म्हणे! एकदा चल म्हणायला काय जीभ झडली असती? आणि मला तरी काय धाड भरली होती? दादर. भोईवाड्यातून चालत निघालं तर अर्धा तास.

"रेकॉर्डिंग?" मी विचारलं. "हल्ली पोरं उठसूट फोन वर धरतात. कोणीतरी केलं असेल ना?"

मास्तरांनी खाली बघितलं. मग भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे बोर्डावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, वाजवणं चालू असताना मोबाईल वापरायचा नाही. "मीच लावलाय," ते म्हणाले. "फोन आल्यापासून कोणाला काढू दिला नाही. कानाने ऐका, सांगायचो."

 मग मास्तरांची बायको हळूच म्हणाली, "माझ्याकडे आहे एक."

मास्तरांनी चमकून तिच्याकडे बघितलं.

"आपल्या पन्नासाव्या वाढदिवसाचं, लग्नाच्या. केक कापला तेव्हाचं. तू रागावशील म्हणून सांगितलं नाही." तिने पर्समधून फोन काढला आणि शोधायला लागली. नातवंडं, बांगडे, गुड मॉर्निंगची फुलं, पुन्हा नातवंडं. चष्मा बदलला. शेवटी सापडलं आणि तिने फोन माझ्या हातात दिला.

त्यात नुसता केक होता. केक, सुरी, दोघांचे एकावर एक ठेवलेले हात. बँड दिसतच नव्हता, कुठेतरी मागे वाजत होता. माणसं ओरडत होती, खुर्च्या सरकत होत्या, कोणीतरी खोकत होतं, एक बाई सारखी म्हणत होती, अजून क्रीम दे, त्याला क्रीम दे. मी फोन कानाला लावला. दुसरा कान हाताने बंद केला. पूर्ण ऐकलं, शेवटी फोन आपोआप थांबेपर्यंत.

"ऐकलंत?" मास्तरांच्या बायकोने विचारलं. दोघं माझ्याकडे डोळे लावून बसले होते. हो म्हटलं असतं तर त्यांना किती बरं वाटलं असतं. खिडकीत मी अशी शंभर खोटी बोलले असेन, डॉक्टर येतीलच, काळजी करू नका. इथे जमेना.

"यातले हे कुठले?" मी विचारलं.

 मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चौतीस वर्षांत माणसाची खोकल्याची ढास ओळखते, जिन्यावरची चाहूल ओळखते, लॅचमध्ये किल्ली कशी फिरवतात ते ओळखते, आणि हे ओळखता येईना. स्टेजवरून कोणीतरी मास्तरांना हाक मारली, मध्यंतर संपलं म्हणून. मास्तरांनी त्यांना हातानेच थांबवलं. खुर्ची माझ्याजवळ ओढली, फोन माझ्या हातातून घेतला, पहिल्यापासून लावला, माझ्या कानाशी धरला आणि स्वतःचा कानही पलीकडून टेकवला. मग एक बोट वर केलं.

मी त्या बोटाकडे बघत राहिले. बोट वर होतं तोवर हे वाजवत होते. बारीक, तिरकस असा एक आवाज होता, लोकांच्या हसण्यावरून वर चढत चाललेला. क्रीमवाली बाई बोलली तेव्हा तो बुडाला, पलीकडून परत वर आला, जरा थांबला, काहीतरी विसरल्यासारखा, आणि हसत सुटल्यासारखा धावत खाली उतरला. हे असे हसायचे हे मला माहीत नव्हतं. मग मास्तरांचं बोट खाली आलं. एवढंच होतं.

"परत लावा," मी म्हटलं.

त्यांनी परत लावलं, परत बोट वर केलं, खाली केलं.

तिसऱ्यांदा मी त्यांचा हात धरून टेबलावर खाली ठेवला. मला आता माझं मला ओळखायचं होतं. सगळा जीव कानात आणून बसले. केक, टाळ्या, खुर्च्या, खोकला. मग काहीतरी वर चढलं आणि मी मान हलवली, हो, हे आले.

मास्तरांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"नाही वहिनी," ते म्हणाले. "तो ट्रॉम्बोन. हा अजून यायचाय."

मी फोन कानाशी घट्ट धरला आणि थांबून राहिले.